महालिंगअप्पा आणि माझा जुना कॉम्प्युटर

बंद पडलेलं यंत्र घेऊन महालिंगअप्पांच्या दुकानात गेलं, की अप्पा यंत्राकडे बघायचेसुद्धा नाहीत. ते टेबलावर ठेवायला लावायचे, वर एक पिवळं फडकं टाकायचे आणि आणणाऱ्या माणसाला समोरच्या लाकडी स्टुलावर बसवायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बंद पडायच्या आदी तुमी काय केलतं?" माणूस म्हणायचा, काहीच नाही, आपोआप बंद पडलं. अप्पा मान हलवायचे, चहा सांगायचे आणि चहा आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. दुसऱ्या कपापर्यंत बहुतेकांना आठवायचं, की मेहुण्यानं त्यात कुठलीशी सीडी घातली होती किंवा पुसताना जरा जास्तच पाणी लागलं होतं.

"मशीन आपोआप बंद पडत न्हाई, सर," ते मला म्हणायचे. "मानसाचा हात कुटंतरी लागलेला असतोय. त्यो सापडला की निम्मं काम झालं."

अप्पांना जाऊन आता वर्ष होईल. युसूफ वडगावच्या बाजारगल्लीत, खताच्या दुकानाला लागून त्यांची एक खोलीची जागा होती. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी एक जुना टूथब्रश आणि शाळकरी खोडरबर. टूथब्रशनं ते यंत्रातली धूळ काढायचे आणि खोडरबरानं आतल्या पट्ट्यांचे पितळी दात घासायचे. सुरुवात त्यांनी रेडिओपासून केली, मग टीव्ही आले, मग कॉम्प्युटर. आधी त्यांचं दुकान अंबाजोगाईत होतं आणि चांगलं चालायचं. ते बंद करून ते गावाकडे का आले, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तितली हवा मानवंना."

आता माझ्याविषयी. मी कनिष्ठ महाविद्यालयात एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं. पण गावात माझी ओळख 'कॉम्प्युटरवाले सर' अशी होती, कारण आमच्या कॉलेजात तीन महिन्यांचा कोर्स पहिल्यांदा मी केला. त्या कोर्सात मी नेमकं काय शिकलो, हे आज सांगता येणार नाही. प्रमाणपत्र मात्र मी काचेत लावलं होतं. लोक मला अडचणी विचारायचे, मी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, "एकदा बंद करून चालू करा." दहातल्या सहांचं काम त्यानं व्हायचं. उरलेले चार अप्पांकडे जायचे आणि मला ते कळायचं नाही, म्हणून माझी कीर्ती शाबूत होती.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरचा पडदा अजून पाठीमागे कुबड असलेला होता. त्या यंत्रात माझं काही मोलाचं नव्हतं. होतं ते सुमनचं, माझ्या बायकोचं. ती नांदूरघाटला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मधल्या सुट्टीत ती शाळेमागच्या घरांमध्ये म्हाताऱ्या बायकांजवळ जाऊन बसायची आणि त्यांना आठवतील तशा जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायची. अशा अकरा वह्या झाल्या. निवृत्त झाल्यावर त्या सगळ्या मी दोन हिवाळ्यांत टाइप केल्या. पुढे माळ्यावर वाळवी लागली आणि वह्यांचा भुगा झाला. सुमन भिंतीला टेकून बसली होती. तेव्हा मी तिला मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "कॉम्प्युटरला वाळवी लागत नाही." ती म्हणाली, "तरी एकदा पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा." मी हो म्हणालो. हे 'हो' मी वर्षभर म्हणत राहिलो.

त्याच सुमारास पडद्यावर रोज एक सूचना यायला लागली, की तुमची प्रणाली जुनी झाली, आता तिला कंपनीचा आधार मिळणार नाही, नवी बसवून घ्या. कुणीतरी फोनवर पाठवलं, की जुन्या प्रणालीत चोर शिरतात. शेवटी एका बुधवारी सकाळी, सुमन आठ दिवसांसाठी नांदूरघाटला बहिणीकडे गेली आणि मी ठरवलं, की ती येईपर्यंत घरात नवं काहीतरी झालेलं असावं. 'हे आपल्या यंत्राला पेलेल का' हा प्रश्न पडद्यावर इंग्रजीत आला होता. मी न वाचता 'पुढे' दाबलं. असं नऊ वेळा दाबलं.

पडद्यावर आकडा चढायला लागला. दहा टक्के, तीस टक्के, पन्नास टक्के. मी शेजारच्या देशमुखांना बोलावून दाखवलंही. त्रेसष्टवर आकडा थांबला. देशमुख चहा पिऊन गेले. मी जेवलो. त्रेसष्टच. खाली लिहिलं होतं, की यंत्र बंद करू नका, वेळ लागेल. अडीच तासांनी मला माझा जुना उपाय आठवला. मी पेटीवरचं गोल बटन पाच सेकंद दाबून धरलं.

त्यानंतर ते यंत्र चालू व्हायचं, क्षणभर कंपनीचं चिन्ह दाखवायचं, काळं व्हायचं आणि पुन्हा चालू व्हायचं. मी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. त्या अकरा वह्यांतल्या निम्म्या बायका तोवर वारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी यंत्र रिक्षात घालून मी अप्पांकडे नेलं. पिवळं फडकं पडलं. मी स्टुलावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या स्टुलावर बसत होतो. एरवी मी शेजारच्या खुर्चीवर बसून इतरांची उलटतपासणी ऐकायचो आणि हसायचो.

"काय केलतं, सर?"

"काल दुपारी नवी प्रणाली बसवत होतो," मी म्हणालो, "आणि मध्येच लाईट गेली."

हे का बोललो, ते मला तेव्हाही कळलं नाही. आमच्या तालुक्यात लाईट गेली म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, एवढं खरं. अप्पांनीही विचारलं नाही. माझ्यासाठी दुसरा चहासुद्धा सांगितला नाही. ते म्हणाले, "मग पावर सप्लायला झटका बसला असंल," आणि त्यांनी पेटी उघडली.

तो दिवस आणि दुसरा दिवस ते वीज शोधत होते. आतल्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. पावर सप्लाय काढून दुसरा लावला. त्यानंही फरक पडेना म्हणून बसनं अंबाजोगाईला जाऊन तिसरा आणला. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसायचं, म्हणून भिंग धरून एकेक जोड तपासत होते. मी बाजूला बसून "असं असेल का अप्पा, तसं असेल का" असं विचारत होतो. म्हणजे चोर पोलिसांबरोबर कंदील घेऊन हिंडत होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अप्पांनी भिंग खाली ठेवलं.

"सर, बुदवारी म्या दुपारभर देवळाच्या अँप्लिफायरला डाग देत बसलतो. लाईट गेलीच न्हाई."

मी पिवळ्या फडक्याची घडी घालायला लागलो.

"कालच ध्यानात यायला पायजे हुतं. पन म्हनलं, सर कावून खोटं बोलतील."

मी खाली बघत म्हणालो, "जरा उशीर लागत होता, तेव्हा ते बटन दाबलं गेलं."

"कुनाकडून दाबलं गेलं?"

एकोणतीस वर्षं मी मुलांना कर्मणी प्रयोग शिकवला, पण तो लपायला इतका अपुरा आहे हे त्या दिवशी समजलं. "मी दाबलं," मी म्हणालो.

अप्पांनी आता चहा सांगितला. रागावले नाहीत. पेटीतून डिस्क काढली आणि आपल्या दुकानातल्या यंत्राला जोडली. "आदी पोटातलं बाहेर काढू. दुखनं मागून बगू." पाच मिनिटांत सुमनचं फोल्डर दिसलं. मी उठून उभा राहिलो. अप्पांनी पहिली फाईल उघडली आणि मी पुन्हा बसलो. पानभर चौकोन, तिरक्या रेघा, पौंडाची चिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं होती.

"गेलं," मी म्हणालो.

"काय बी गेलं न्हाई. तुमी जुन्या फॉन्टात टाइप केलंय. त्यो या मशीनीत न्हाई, म्हनून तिला वाचता येईना."

त्यांनी खणातून पन्नासेक सीडी काढल्या आणि भिंगानं एकेकीवरचं नाव वाचत हवी ती शोधली. ती घातली, फाईल बंद करून पुन्हा उघडली. पौंडाच्या जागी नांदूरघाटची एक म्हातारी होती, एसटीतून येणाऱ्या भावाची वाट बघणारी. अप्पांनी ती ओवी पुटपुटत वाचली. मग दुसरी वाचली. पाच-सहा वाचून झाल्यावर त्यांनी सगळं फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घेतलं.

पुढचं काम तासाभराचं होतं. अर्धवट बसलेली नवी प्रणाली त्यांनी काढून टाकली आणि जुनी परत आणली. "या मशीनीची मेमरी केवढी, तुमी तिच्यावर घातलं केवढं. डिस्कबी गच्च भरल्याली. म्हनून ती त्रेसष्टला थांबली. तिचं काय चुकलं न्हाई." माझं चुकलं, हे त्यांनी म्हटलं नाही. मीच म्हणालो. "अप्पा, तुमचे दोन दिवस मी फुकट घालवले."

तेव्हा त्यांनी मला अंबाजोगाईचं दुकान का बंद केलं ते सांगितलं.

एक मुलगी त्यांच्याकडे आली होती, डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणारी. तिचा लॅपटॉप हळू चालायचा. त्यात तिचा प्रबंध होता, तीन वर्षांचं काम. तिनं सांगितलं होतं, की एवढा भाग सांभाळा, बाकी पुसा. अप्पांनी घाईत नेमका तोच भाग पुसला. "म्या तिला सांगितलं, डिस्क मेली. लई जुनी झालती, म्हनलं. ती या अशा स्टुलावर बसून रडली. आन् जाताना मला हात जोडले, सर. तुमी परयत्न केला, म्हनली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "सहा म्हैन्यात दुकान आवरलं. तवापास्नं म्या दुसऱ्याला इचारतो, काय केलतं म्हनून."

तीन-चार महिन्यांनी एका सकाळी अप्पा माझ्या दारात आले. "सर, अंबाजोगाईला येता का?" मला वाटलं, डोळ्याच्या ऑपरेशनला निघाले. बसमध्ये बसल्यावर त्यांनी सांगितलं, की त्या मुलीचा तिथंच दवाखाना आहे, आणि तिला खरं सांगायचं आहे. मला फार भरून आलं. वाटेत मी मनाशी एक छोटंसं भाषण जुळवलं. डॉक्टरीणबाई मोठ्या मनानं क्षमा करतील, अप्पांचे डोळे भरतील आणि मी दोन शब्द बोलेन, असा माझा बेत होता.

आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी अप्पांना ओळखलं नाही. अप्पा उभे राहूनच बोलले, सगळं, फार तर दोन मिनिटं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे डिस्क चांगली होती?"

"व्हय."

"तुम्ही मेली म्हणालात म्हणून मी ती फेकून दिली. माझा भाऊ पुण्यात हेच काम करतो. तेव्हा खरं सांगितलं असतंत, तर त्यानं निम्मं तरी काढून दिलं असतं." आवाज न चढवता त्या पुढे म्हणाल्या, "मी सगळ्या पेशंटांच्या घरी पुन्हा फिरले. काही तोवर नव्हतेच. आणि तुम्ही आज येता?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "तुमचं बराबर हाय."

डॉक्टरीणबाईंनी बेल वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझं भाषण माझ्यापाशीच राहिलं.

स्टँडवर आल्यावर मी ते थोडं बदलून अप्पांवर वापरायला गेलो. "अप्पा, त्या कामाच्या गडबडीत होत्या, नाहीतर..."

"सर, तुमी जरा गप बसा."

बसमध्ये मी त्यांना खिडकीची जागा दिली. बस सुटल्यावर बऱ्याच वेळानं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तवा तिनं हात जोडलते, ते लई जड झालतं. आज रागावली. आजचं बरं वाटतंय." मग ते झोपले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून वडगावपर्यंत झोपले.

मी घरी आलो तेव्हा सुमन अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला मी आजवर एवढंच सांगितलं होतं, की कॉम्प्युटर धूळ झाडायला दिला होता. मी समोरच्या पायरीवर बसलो आणि त्या बुधवारपासूनचं सगळं सांगितलं: नऊ वेळा दाबलेलं 'पुढे', त्रेसष्ट टक्के, गोल बटन, लाईटीचं खोटं, चौकोन आणि पौंड. ती शेंगा सोलत ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "अप्पांना किती दिवस उगीच राबवलंत?"

"दोन."

तिनं हात झटकले. "मला तुमच्यावर रागवायचं आहे," ती म्हणाली, "पण आधी पेनड्राइव्ह आणा."

मी आणला. तिनं सगळ्या ओव्या त्यावर स्वतः उतरवून घेतल्या, पेनड्राइव्ह रुमालात बांधून आपल्या ट्रंकेत ठेवला आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन्ही दिवस मला फार गाढ झोप लागली.