लाल दिव्याला थांबलेलं भूत

"वेळ सांगा," असं काका आधी म्हणत. नमस्कार नंतर.

तुम्ही त्यांच्याकडे साखर मागायला जा, लग्नाची पत्रिका द्यायला जा, दारात उभे राहिलात की त्यांचं मनगट वर जायचं. घड्याळ त्यांच्या हातात असे, तरी वेळ समोरच्याला विचारत. दोन्ही घड्याळं जुळली की चेहरा सैल व्हायचा. "बरोबर. आता बोला भैया." रेल्वेत गार्ड आणि ड्रायव्हर गाडी सुटण्याआधी घड्याळं जुळवतात. गार्ड म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण काका अजून सगळ्या झाँसीबरोबर घड्याळ जुळवत होते.

आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत ते एकटे राहत. बायको जाऊन बराच काळ झाला होता, मुलगी नागपूरला. ते आता नाहीत. म्हणून हे लिहितो आहे. असते तर लिहिलं नसतं, आणि तोच माझा स्वभाव सगळ्याच्या मुळाशी आहे.

मी डिव्हिजनल ऑफिसात ड्राफ्ट्समन. दिवसभर नकाशे काढायचे, कुणी काही विचारलं तर मान हलवायची. एका सुट्टीत पुण्याहून भाचा आला आणि जाताना एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे ठेवून गेला. भीतीच्या खेळाचं पुस्तक. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमेल की नाही याचा संशय आला की फासे टाकायचे. प्रत्येकाच्या कागदावर मनाच्या तोलाचे गुण लिहिलेले असतात. भूत दिसलं की ते कमी होतात, शून्य झाले की माणूस वेडा.

गोष्ट सांगणारा एकच, आणि तो बोलत असताना सगळे ऐकतात. हे वाचलं आणि मी पुस्तक उशाशी घेतलं. महिनाभर खपून मी छावणीतल्या एका पडक्या बंगल्याची गोष्ट रचली. इंग्रजांचा काळ, जिन्यावर रडणारी मेमसाहेब, खाली तळघर. खोल्यांचे नकाशे तर मी इतके सुबक काढले की ऑफिसात तसे कधी काढले नाहीत.

खेळायला माणसं जमवणं अवघड गेलं. शेजारचे दुबेजी तिकीट तपासनीस, ते चहा मिळतो म्हणून आले. बँकेतली नेहा आली. ती आपल्याच मराठी घरातली, पण मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. चौथा कुणी मिळेना, म्हणून काकांना विचारलं.

"दर रविवारी?" त्यांनी विचारलं.

"दर रविवारी, चार वाजता."

"चार म्हणजे चार?"

"चार म्हणजे चार."

त्यांनी लगेच डायरीत लिहिलं.

पहिल्या दिवशी दहा बाजूंचे फासे पाहून दुबेजींनी हात मागे घेतला. "जे तो तांत्रिकन के लगत हैं." नेहानं फासा आधी चहाच्या बशीत टाकला. मी सांगितलं, आपापला माणूस तयार करा. दुबेजींनी पैलवान केला आणि त्याच्या सामानात पाच किलो लाडू लिहिले. नेहानं डॉक्टरीण केली. काकांनी गार्ड केला. नाव दिलं सदाशिव.

"काका, दुसरं काहीही होता येतं. गुप्तहेर, संस्थानिक..."

"मला त्यातलं काय येतं? खोटं कशाला लिहू?"

खेळ सुरू झाला. खिडक्या लावल्या, आवाज खाली आणला. "बंगल्याचं दार," मी म्हणालो, "आपोआप उघडतं."

"वेळ सांगा," काका म्हणाले.

"काका, वेळ इथे महत्त्वाची नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नाइलाजानं सहा वाजून दहा मिनिटं म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर त्या बंगल्यातलं एकही दार वेळ दिल्याशिवाय उघडलं नाही.

मग जिन्यावर मेमसाहेब आली. पांढरा झगा, मोकळे केस, पाय जमिनीला न लागणारे. दुबेजींचा पैलवान लाडू टाकून पळाला. काकांचा गार्ड दोन पायऱ्या चढला आणि अदबीनं विचारता झाला, "बाईसाहेब, गाडीत काही राहिलं का?"

नेहाच्या नाकातून चहा आला.

"हसण्यासारखं काय त्यात?" काका म्हणाले. "बाई एकटी रडतेय म्हणजे सामान राहिलंय. चौतीस वर्षांत दुसरं कारण मी पाहिलं नाही."

पुढच्या रविवारी भिंतीवर रक्तानं अक्षरं उमटली, 'इथून निघून जा.' मी नुसतं थांबलो. शांततेनं माणूस घाबरतो असं पुस्तकात होतं.

"खाली सही आहे का?" काकांनी विचारलं.

"सही नाही काका. रक्त आहे."

"मग तो मेमो नाही. बिनसहीच्या कागदावर मी गाडी हलवली नाही कधी. बसा हो दुबेजी, कुठं जायचं नाही."

"हओ," म्हणून दुबेजी बसले.

चौथ्या रविवारी मी भूत अंगावर सोडलं. लांब ओसरीतून ते धावत येतं आहे, दिवे विझत आहेत. काकांनी कागदावर बोट ठेवलं. त्यांच्या गार्डजवळ हातदिवा होता, लाल-हिरव्या काचेचा. "मी लाल दाखवतो," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, थांबेल. लाल दाखवल्यावर कुणीही थांबतो."

"भैया, बात तो सही है," दुबेजी म्हणाले. नेहानंही मान डोलावली. मी पुस्तक मागून पुढे, पुढून मागे चाळलं. भुतानं लाल दिव्याला थांबायचं की नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. भूत थांबलं. पंधरा मिनिटं ते ओसरीत उभं होतं, कारण काकांना हिरवा दाखवायची घाई नव्हती.

तुम्ही म्हणाल, मजा आली असेल. त्यांना आली. ते तिघं हसत होते आणि मी माझ्या महिनाभराच्या मेहनतीकडे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकायला बसले होते आणि ऐकत होते काकांचं. मी काही बोललो नाही. न बोलता जे साठत जातं ते काही चांगलं नसतं.

पाचव्या रविवारी गार्ड सदाशिव तळघरात उतरला. पायरी निखळली. चाळीसच्या आत आलं तर वाचला, वर गेलं तर मेला. लाल फासा दशकाचा, पांढरा एककाचा. काकांनी ते हातात खुळखुळवले आणि इतक्या जोरानं टाकले की दोन्ही माझ्या पुठ्ठ्यामागे आले. माझे नकाशे कुणाला दिसू नयेत म्हणून मी तो पुठ्ठा समोर उभा करत असे. फासे मला एकट्याला दिसले.

लाल दोन. पांढरा सात. सत्तावीस.

"बहात्तर," मी म्हणालो, आणि फासे उचलले.

काकांनी घड्याळ पाहिलं. "चार बेचाळीस. गार्ड सदाशिव गेले." डायरीत त्याखाली रेघ मारली, सही केली आणि डायरी माझ्यापुढे सरकवली. "चार्ज घेतल्याची सही करा." मी सही केली. मग त्यांनी पेन्सिल नेहाला दिली, खुर्ची जागेवर लावली आणि चपला घालायला लागले.

"अब क्या होगा काका का?" नेहानं मला विचारलं.

पुस्तकात त्यावर आख्खं पान होतं. माणूस मेला तर खेळणाऱ्यानं लगेच दुसरा माणूस करावा आणि खेळत राहावं. आमच्यापैकी पुस्तक फक्त मी वाचलं होतं. मी ते मिटलं.

"बैठो ना गार्ड साब," दुबेजी म्हणाले.

"चार्ज दिला की माणसानं रेंगाळू नये," काका म्हणाले. "पुढच्याला अडचण होते." ते गेले.

बारा दिवसांनी निरोप आला, उद्या गार्ड सदाशिवचं तेरावं, जेवायला या. आम्ही गेलो. वरण-भात, बटाट्याची भाजी, घट्ट बासुंदी, सगळं त्यांनी एकट्यानं केलं होतं.

"काका, तो कागदाचा माणूस होता," मी म्हणालो.

"म्हणून उपाशी पाठवायचा? तुमच्या बंगल्यात गेला, तुम्ही तर काही केलं नाही."

त्यांनी गच्चीच्या कठड्यावर भाताचा घास ठेवला. कावळा येईना. काका गंभीरपणे म्हणाले, "इच्छा राहिलीय त्याची. बोला एकेक जण."

दुबेजींनी हात जोडले. "गार्ड साब, तुम्हारे लड्डू हम ढूँढ़ लाहैं. चिंता नईं करियो." कावळा नाही. नेहा म्हणाली, "मेमसाहब का सामान मैं पहुँचा दूँगी." कावळा नाही. मग तिघंही माझ्याकडे बघू लागले.

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं. एक वाक्य होतं. सगळे हसले असते, मला चार शिव्या मिळाल्या असत्या आणि काका दुसऱ्या दिवशी चारला हजर झाले असते. मी म्हणालो, "सुखानं जा."

शेजारच्या टाकीवरून एक माकड उतरलं, घास उचलला आणि जाता जाता बासुंदीची वाटीही घेऊन गेलं.

"पोचलं," काका म्हणाले. "मालगाडीनं गेलं, पण पोचलं."

त्यानंतर खेळ भीतिदायक झाला, अगदी मला हवा तसा. नेहा एकटी घरी जायला घाबरू लागली. दुबेजी झोपेत ओरडायला लागले, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांचं येणं बंद केलं. तीन रविवारांत सगळं संपलं. पुठ्ठा, नकाशे, पुस्तक मी कपाटात टाकलं.

त्या तीन रविवारी काका चार वाजता माझ्या फाटकावरून गेले. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी थांबत, घड्याळ बघत आणि पुढे जात. एकदा मी बाहेर होतो, म्हणून म्हणालो, "या ना आत." तर म्हणाले, "तुमची ड्यूटी चालू आहे. मध्ये येत नाही."

मुलगी त्यांना कित्येक वर्षं नागपूरला बोलावत होती. आधी ते बायकोच्या तुळशीचं कारण सांगत. तुळस वाळल्यावर गुडघ्याचं. आणि खेळ सुरू झाल्यावर, हे मला त्या मुलीनंच नंतर सांगितलं, ते फोनवर मोठ्या रुबाबात म्हणत, "रविवारची ड्यूटी आहे मला, रजा मिळत नाही." त्या दिवाळीनंतर ते हो म्हणाले.

मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. ते खिडकीशी बसले होते. गाडीला थोडा अवकाश होता. सांगायचं ठरवून गेलो होतो, वाक्यसुद्धा घोकलं होतं.

"भैया, एक विचारू?" तेच म्हणाले. "हसू नका. त्या खेळात मेलेल्याला परत येता येतं का? म्हणजे तोच नाही. दुसरा कुणी होऊन."

येतं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग इतके दिवस बोलला का नाहीत. त्या प्रश्नाला मी घाबरलो. मेमसाहेबला दुबेजी घाबरले नसतील इतका.

"नाही काका," मी म्हणालो. "नियम नाही."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"मग ठीक. नाहीतर उगाच चाललो असं झालं असतं."

सिग्नल झाला. नऊ महिन्यांनी ते नागपुरात वारले, झोपेतच. लोकांनी मला विचारलं, तुमचा त्यांचा बराच घरोबा होता ना? मी मान हलवली.

त्या दिवशी मी 'नाही' म्हणालो तेव्हा गाडी हलायला अजून वेळ होता. त्यांच्याजवळ एकच पेटी होती. उतरायला अर्धं मिनिट पुरलं असतं.