तांबेकाकांचा कोपरा

आमच्या मशीनच्या पायाशी प्लास्टिकचा एक मोठा कॅन असतो. वरून आलेलं रक्त, पाणी, रंग, सगळं तपासून झालं की त्यात जाऊन पडतं. संध्याकाळी मी तो कॅन रिकामा करतो. किश्शांची तशी सोय नाही. ते साठतच जातात. मी चारचौघांत फार बोलू शकत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. परवा कॅन्टीनमध्ये आमचा प्रशांत म्हणाला, "दिनेश, तू बोलू नको रे, लिहून काढ." म्हणून हे लिहितोय.

सगळे किस्से एकाच वर्षातले आहेत, दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नाच्या पुढपर्यंतचे. तेव्हा घरात माझं लग्न जमवणं चाललेलं. आधी दोन ठिकाणी फिसकटलेलं आणि दोन्हीकडे कारण एकच. मुलगा नेमकं करतो काय, हे कोणाला कळत नव्हतं.

* * *

मी नववीनंतर शाळा सोडली आणि नौपाड्यात एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागलो. वैद्य मॅडम तिथे चष्मा करायला यायच्या. ठाण्यातल्या संशोधन केंद्रात विद्यापीठाचं फ्लो सायटोमीटर नावाचं मशीन होतं, ते त्या सांभाळायच्या. त्यांना लेझरच्या काचा जपणारा, शांत हाताचा ऑपरेटर हवा होता. म्हणाल्या, "येतोस का? सगळं मी शिकवीन. आणि फारसं बोलावं लागत नाही."

पगार किती ते न विचारता मी हो म्हटलं!

काम असं. रक्तातल्या पेशींना चमकणारा रंग लावायचा. मग त्यांना पाण्याच्या बारीक धारेतून एकामागे एक सोडायचं. प्रत्येकीवर लेझर पडतो आणि ती जशी चमकेल तसा तिचा ठिपका स्क्रीनवर उमटतो. ठिपक्यांवरून कळतं, कुठल्या प्रकारच्या पेशी किती आहेत.

हे मी आईला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. आई कोपरीच्या बाजारात मासळी विकते. तिने पाटी धुता धुता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी म्हावरा निवडाचा. कोलबी इकरं, मांदेली तिकरं."

मी म्हटलं, बरोबर.

"मंग त्याला लेझर कशाला? मी तर कंदिलावर निवडतं."

* * *

लेझर तापतो, म्हणून मशीनच्या खोलीत एसी. अख्ख्या मजल्यावर तो एकच. ऑक्टोबर लागला की सगळ्या डिपार्टमेंटला आमच्या मशीनबद्दल आस्था वाटायला लागायची. लायब्ररीच्या बाई गवार मोडायला यायच्या. आमचे हेड रोज जेवणानंतर "जरा बघू, कसं चाललंय" म्हणत यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटून बघायचे. थोड्या वेळाने घोरायलाही लागायचे.

उठवणार कोण? शेवटी मॅडमनी त्यांच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं, "सर, तुमच्या घोरण्याने धार हलते. सगळे ठिपके सरकतायत."

सर दचकून उठले आणि गेले. मी मॅडमना विचारलं, खरंच हलते का? मॅडम म्हणाल्या, "त्यांनाही माहीत नाही. म्हणून तर गेले."

* * *

आता दसरा. आमचे शिपाई तांबेकाका दरवर्षी खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा करायचे. आमच्या मशीनची त्यांना मनापासून करायची होती, पण मॅडमची सक्त ताकीद होती, की हार फक्त टीव्हीसारख्या दिसणाऱ्या त्या स्क्रीनला, बाकी कशालाही बोट लावायचं नाही. तांबेकाकांनी मान डोलावली.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो आणि सकाळी नेहमीप्रमाणे ब्लँक लावला. ब्लँक म्हणजे नुसतं सलाइन, त्यात काहीच नसतं, स्क्रीन कोरी राहायला हवी. तर स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपक्यांचा ढग! मॅडमचा पहिला संशय माझ्या अंगठ्यावर. ट्यूब हलवताना तोंडावर अंगठा दाबायची वाईट सवय मला होती आणि त्यावरून मी रोज बोलणी खायचो. हात धुऊन परत लावला. ढग तसाच. नळ्या धुतल्या, काचा पुसल्या. ढग तसाच.

शेवटी मॅडमनी सलाइनच्या बाटलीचं झाकण उलटं केलं. आतून हळदीचं सुंदर स्वस्तिक काढलेलं होतं.

तांबेकाका शांतपणे म्हणाले, "बाहेरून काढलं तर दिनेश पुसून टाकतो."

मॅडम रागावणार असं मला वाटलं. पण त्यांनी डब्यातल्या पोळीभाजीची हळद बोटाने काढली, पाण्यात कालवली आणि मशीनला लावली. बरोब्बर तोच कोपरा उजळला. हळदही लेझरखाली हिरवी चमकते म्हणे. आमच्या महागड्या रंगांच्या तोडीस तोड!

तांबेकाकांनी स्क्रीनजवळ येऊन तो कोपरा बघितला. मग हात जोडून म्हणाले, "मॅडम, म्हणजे पूजा पोचली."

तेव्हापासून त्या जागेला आम्ही तांबेकाकांचा कोपरा म्हणतो.

* * *

दिवाळी झाली आणि कल्याणचं स्थळ आलं. मुलगी वनिता, शिवणक्लास चालवायची. वडील भोईरकाका, कल्याण स्टेशनला टीसी. समोर कोणीही बसलं तरी ते तिकीट मागितल्यासारखे बघायचे. मी आईबरोबर गेलेलो. पोहे आले, आणि प्रश्न आला.

"काम काय करतोस?"

मी पाठ करून गेलेलो. म्हटलं, पेशी एका रांगेत सोडतो.

"मग?"

"त्यांच्यावर उजेड पाडतो."

"मग?"

"मग त्या वाहून जातात."

"कुठे?"

"कॅनमध्ये."

भोईरकाकांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे दिवसाच्या शेवटी उरतं काय?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "ठिपके."

आतल्या खोलीत कोणीतरी फसकन हसलं. वनिताच होती. नंतर चहा द्यायला आली तेव्हाही ओठ दाबून होती. मला राग यायला हवा होता. पण परत येताना मनात एवढंच चाललेलं, की आधीची दोन स्थळं गेली ती गेली, हे एक जाऊ नये.

* * *

त्याच आठवड्यात प्रशांतने मशीन तुंबवलं. प्रशांत म्हणजे आमचा पीएचडीचा विद्यार्थी, खडवलीहून यायचा. आपलं सॅम्पल न गाळता त्याने तसंच लावलं आणि बारीक भोक बुजलं. गाळायची परदेशी नायलॉनची जाळी संपलेली, नवीन पार्सल कस्टममध्ये अडकलेलं. मॅडमना उपाय माहीत होता. "नौपाड्यात जा आणि बायकांचे नायलॉनचे लांब मोजे आण. अगदी पातळ, पांढरे. रंगीत नकोत, रंग सुटतो. विणीची भोकं बघून घे."

मी म्हटलं, प्रशांतला पाठवूया. मॅडम म्हणाल्या, "त्याने गाळलं असतं तर कोणालाच जावं लागलं नसतं. पण काचेतून बारीक बघायची सवय तुला आहे."

दुकान रिकामं व्हायची वाट बघत मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. ते काही रिकामं होईना. शेवटी आत शिरलो आणि हळू आवाजात मागितलं. दुकानदाराचा आवाज हळू नव्हता.

"लेडीज मोजे? कोणासाठी?"

मला खोटं सुचत नाही. "मशीनसाठी."

"साइझ?"

"कुठलाही चालेल. कापायचेच आहेत."

मला वीण बघायची होती, म्हणून मी मोजा मुठीवर ताणला, उजेडात धरला, खिशातलं भिंग काढून बघितलं. हवा आरपार जाते का पाहायला तोंडाशी धरून फुंकरही मारली. मग शेजारी लक्ष गेलं. परकर बघत असलेल्या एक बाई हातातला परकर तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या.

त्यांना मी ओळखलं. कल्याणला पोह्यांच्या बशा यांनीच भरलेल्या. वनिताची सख्खी मावशी!

मी नमस्कार केला. मोजा हातातच होता.

* * *

पुढे कल्याणहून काहीच निरोप आला नाही. आईने मध्यस्थाकडे विचारणा केली, तर तो म्हणाला, ते लोक विचार करतायत. आधीच्या दोन्ही ठिकाणी असंच सांगितलेलं. त्या दिवशी मासळी निवडताना आईकडून दोनदा कोलंबी मांदेलीत गेली.

अशात एका मंगळवारी भोईरकाका न सांगता केंद्रात हजर झाले.

मंगळवार म्हणजे रक्ताचा वार. आजारी माणसाच्या रक्ताशी ताडून बघायला एका निरोगी माणसाचं ताजं रक्त लागतं, आणि ते दर मंगळवारी माझं घेतात. शिवाय रंग उजेडात विटतो, म्हणून दिवे बंद. त्यामुळे भोईरकाका दाराशी आले तेव्हा तांबेकाकांनी त्यांना अडवलं. ते संभाषण मला नंतर तांबेकाकांनीच ऐकवलं.

"कुठून आलात?"

"कल्याणहून. दिनेश आहे का?"

"आहे. पण आत अंधार केलाय."

"आत आणखी कोण आहे?"

"मॅडम आहेत."

यावर भोईरकाकांनी सरळ दार ढकललं. मी बाही वर करून, कोपरात कापूस दाबून बसलेलो. ते म्हणाले, "काय झालंय याला?"

मॅडमना वाटलं, एसीवाला आलाय. मान वर न करता त्या म्हणाल्या, "काही नाही हो. याचं रक्त आम्ही दर मंगळवारी तपासतो. गेली कित्येक वर्षं."

भोईरकाका स्टुलावर बसले. मी कापूस दाबतच म्हटलं, "मॅडम, हे कल्याणचे."

मॅडमनी दिवा लावला, त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. म्हणाल्या, "मला डायबिटीस. तांबेकाकांना दमा. विद्यार्थी चहावर जगतात. या मजल्यावर धडधाकट असा हा एकच. हे बघा, याचं रक्त."

भोईरकाका ठिपके पडताना बघत राहिले. मग म्हणाले, "एकेक जण येतो आणि मशीन प्रत्येकाला तपासतं?"

"प्रत्येकाला."

"गर्दी झाली तरी कोणी सुटत नाही?"

"नाही."

"आणि दोघं एकदम चिकटून आले तर?"

मॅडम चकित झाल्या. हा प्रश्न विद्यार्थी वर्षभराने विचारतात. म्हणाल्या, "ते आम्ही बाद करतो."

"आम्ही दंड घेतो," भोईरकाका म्हणाले.

उठताना मला म्हणाले, "आणि ते मोजे?" मी खणातून मोज्याचे कापलेले चौकोन काढून दाखवले. त्यांनी एक चौकोन उजेडात धरला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. "मेहुणीला दाखवायला लागेल."

दारात थांबून म्हणाले, "कापूस दाबून धर, रक्त येतंय." आणि गेले. हो नाही, काहीच नाही.

* * *

तुळशीचं लग्न होऊन गेलं. कल्याणहून बोलावणं आलं आणि एका रविवारी मी आणि आई तिकडे जाऊन आलो. डिपार्टमेंटमध्ये मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी बसून कुठून सुरुवात करावी, आधी मॅडमना सांगावं की तांबेकाकांना, याचाच विचार करत होतो. तसाच ब्लँक भरला, ट्यूब हलवली, मशीनला लावली.

वरच्या उजव्या कोपऱ्यात ढग.

मॅडम धावत आल्या. बाटलीचं झाकण उलटं करून बघितलं, स्वच्छ. नवी बाटली फोडली, त्यातलं सलाइन त्यांनी स्वतः भरलं, स्क्रीन कोरी. मी भरलं, की ढग. त्यांनी तांबेकाकांना हाक मारली. "काका, खरं सांगा, परत काही पूजा केलीत?"

तांबेकाका दारातूनच गळ्याला हात लावून म्हणाले, "देवाशप्पथ नाही."

मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"दिनेश, अंगठा दाखव."

मी दाखवला. मॅडम काही बोलायच्या आत तांबेकाका पुढे आले, चष्मा वर करून त्यांनी माझं नख नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मॅडम, ही हळद माझी नाही. ही कल्याणची आहे."