दारातली खुर्ची

दोघी जावा एकाच दवाखान्यात, त्यातून एकाच तातडीच्या विभागात नर्स, म्हणून सगळे त्यांना थोरल्या सिस्टर आणि धाकट्या सिस्टर म्हणत. धाकटी दारातल्या खुर्चीवर बसायची आणि थोरलीच्या पोटात दुखायचं. साधंसुधं नाही हो, चांगलं पिळवटून दुखायचं!

कारण ती खुर्ची आधी थोरलीची होती. आलेला पेशंट पहिल्यांदा तिच्यासमोर यायचा. कोणाला धावत आत न्यायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं, हे ती ठरवायची. मग दवाखान्यानं नवं पद काढलं. जादा शिक्षण घेतलेली नर्स हवी, जी स्वतः तपासेल, ईसीजी काढेल आणि मनगटावर लाल, पिवळा नाहीतर हिरवा पट्टा बांधेल. लाल म्हणजे लगेच आत, हिरवा म्हणजे थांबा. "या वयात कोण परीक्षा देत बसणार?" म्हणून थोरलीनं अर्जच केला नाही. धाकटीनं केला. आणि तिचा अभ्यास व्हावा म्हणून दोन्ही वेळचा स्वयंपाक कोणी केला? थोरलीनंच की!

आता ती शेजारच्या खोलीत ड्रेसिंग करायची. डॉक्टर बाहेर विचारायचे, "धाकट्या सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" की आत हिच्या अंगाची लाही लाही व्हायची. घरी सासूबाईसुद्धा गोळी घेण्याआधी धाकटीला हाक मारू लागल्या होत्या. "इतकी वर्षं आमच्या हातच्या गोळ्या चालल्या, तेव्हा काय विष होतं त्यांत?" थोरली भांडी आपटत पुटपुटायची.

त्या सकाळी एक शिंपी बायकोबरोबर आला. छातीखाली जळजळतंय म्हणाला. धाकटीनं ईसीजी काढला, तो ठीक निघाला. रक्त तपासायला पाठवून तिनं हिरवा पट्टा बांधला. "काका, बसा इथं. मी पुन्हा बघते तुम्हाला." तेवढ्यात भिंतीखाली सापडलेले दोन मजूर आले आणि ती त्यांच्यात अडकली.

थोरली ट्रे घेऊन दारात आली, तर समोर शिंपी. कपाळावर घाम, ओठ पांढरे, डावा हात मांडीवर दाबून धरलेला. हा हृदयविकाराचा झटका, हे तिला लगेच कळलं. आणि खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला. चुकली! बाईसाहेब चुकल्या! आता डॉक्टर सगळ्यांसमोर झापतील आणि त्या खुर्चीवर कोण शोभतं ते दिसेल एकेकाला. नुसती एक हाक मारायची होती. तिनं ती मारली नाही. आत जाऊन एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधली, सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. कान मात्र बाहेर होते.

"अहो, ऐकताय ना? बोला ना काहीतरी!" शिंप्याच्या बायकोचा आवाज आला.

थोरली ट्रे टाकून धावली. "अगं, इकडे ये लवकर! तुझा हिरवा!"

धाकटीनं हिरवा पट्टा कापून लाल बांधला, शिंप्याला आत नेलं आणि पुन्हा ईसीजीच्या तारा लावू लागली. "वहिनी, घाम कधीपासून आलाय?" तिनं थोरलीला विचारलं.

हे विचारणं भागच होतं. पुढचे उपचार त्यावर ठरणार होते. 'आत्ताच' म्हणून थोरलीला सुटता आलं असतं. पण शिंप्याचा गार हात तिच्याच हातात होता.

"मघापासून," ती म्हणाली. "मी ड्रेसिंगला आत गेले, त्याच्या आधीपासून."

धाकटीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तेवढंच डॉक्टरांना सांगितलं, 'कोणी पाहिलं' ते गाळून.

शिंपी वाचला. दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "बाहेर कोणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या वहिनींच्या," धाकटी म्हणाली. "हिरवा बांधला, पुन्हा बघायचं राहिलं, चूक माझी. त्या नसत्या तर काका हातचे गेले असते."

सगळे थोरलीकडे कौतुकानं बघायला लागले. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ती कोरडेच हात पुसत उभी राहिली. खुर्ची गेली, तेही एक वेळ सोसलं असतं. पण आज त्या बाईनं तिला पदराखाली घेतलं होतं, आणि त्याबद्दल थोरली तिला जन्मात माफ करणार नव्हती.