‘नाही’च्या रकान्यातली वहिनी

माणसाचा ताण मी केसांतून मोजते. ऐकणारा हमखास हसतो, म्हणून आधीच सांगून टाकते. धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ग्रंथींना सांगावा धाडतो, त्या कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, आणि माणूस पळायला किंवा भांडायला सज्ज होतो. धोका टळला की ते ओसरायला हवं. काहींचं ओसरतच नाही. रक्त तपासलं तर त्या घटकेपुरतं कळतं. केस मात्र महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो आणि त्या महिन्याचं धरून ठेवतो. डोक्यामागून मुळाशी एक बारीक बट कापली की मुळाकडच्या तीन सेंटीमीटरांत गेले तीन महिने हातात येतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बायकांवर आमचं काम चाललं होतं. तशा बायका सोलापुरात फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतून मिळाल्या. तुलनेला दुसरा गट हवा होता: वय तेवढंच, राहणी तशीच, पण घरात आजारी माणूस नाही. त्यासाठी मी मंद्रूपला गेले. ते माझं गाव, सोलापुरातल्या माझ्या घरापासून पाऊण तासावर. अनोळखी बाईला कोण केस कापू देणार, असा माझा हिशेब.

ओळखीच्या बाईलाही कुणी देईना. केस म्हटले की करणी. विंचरताना गळलेले केससुद्धा बायका गुंडाळून ठेवतात आणि केसांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीलाच देतात, वाऱ्यावर सोडत नाहीत. शेवटी वहिनी पुढे झाली. ती माझ्या थोरल्या भावाची बायको, पण माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मी तिला अगंतुगं करते. ती मला तुमी म्हणते. तिने आमच्या ओसरीवर बायका गोळा केल्या, ननंदबाई शिकलेल्या हायत, करणीबिरणी काय करत न्हाईत, असं सगळ्यांना बजावलं आणि पहिली स्वतः मान वाकवून बसली.

आई, म्हणजे वहिनीची आत्ती, आतल्या खोलीत खाटेवर होती. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी प्रश्नावलीतला प्रश्न वाचला: घरी कुणा आजारी माणसाची काळजी घेता का? वहिनी म्हणाली, न्हाय. मी ‘नाही’च्या रकान्यात खूण केली. मधेच ती उठली, आत जाऊन आईची कूस बदलून आली, हात पुसले आणि म्हणाली, इचारा फुडचं. मी विचारलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून केसांची मोजमापं आली तेव्हा दोन्ही गटांत काही फरकच दिसेना. या कामाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांना वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली. मला वाटलं, पुण्याच्या लोकांनी घोळ घातला, आणि मी फोनवर एकाला चांगलं झापलंही. सगळ्यांत वरचा आकडा ‘नाही’ गटातल्याच एका बाईचा होता. वही काढून क्रमांक जुळवला तर ती वहिनी. मग ती ओसरीवरची दुपार आठवली आणि मीच केलेली ती खूणही.

रविवारी गावी जाऊन एकेकीला पुन्हा विचारलं. एकीचा सासरा आंधळा, एकीच्या ननंदेला फिट्स येतात, आणि त्याही न्हाय म्हणाल्या होत्या. वहिनीला विचारलं तर तिलाच माझं नवल वाटलं.

“तुमी आजारी मानसाचं इचारलं. आत्ती हायत की त्या माज्या. त्यांचं करायचं म्हंजे घरातलं काम झालं.”

सरांनी तोडगा काढला, चुकीचं उत्तर देणाऱ्या बायका वगळा. शेजारच्या खोलीत आई असताना चुकीची खूण मी केली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोन वर्षांत वहिनी एक रात्रसुद्धा माहेरी राहिली नव्हती. माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलुखात. मी तिला म्हटलं, अंगाला विसावा पाहिजे, आठ दिवस जाऊन ये. अगदी डॉक्टरी थाटात म्हटलं. ती हसली.

“जाती की. तुमी कदी येताय?”

तोंडाशी आलेली कारणं गिळली आणि पुढच्या सोमवारी आठ दिवसांची रजा टाकून आले. उपकार करायला आल्यासारखी आले, हेही कबूल करते.

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लंगोट, पुसणं, चमच्याने पेज. माझ्या हातची पेज आई घेईना, ओठ घट्ट मिटायची. भाऊ दारातून ‘बरं हाय न्हवं’ विचारायचा आणि रानात जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती खोली मला चारी बाजूंनी आवळायला लागली. मी आईवर ओरडले. तिने डोळे मिटून घेतले. मी मोरीत जाऊन दाराला कडी लावली आणि रडले. छाती धडधडत होती, तळवे गार पडले होते. हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून शिकवते. त्याचा तिथे काडीचा उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला वहिनी पिशवी घेऊन दारात उभी. का आलीस गं परत, अजून पाच दिवस आहेत, असं मी विचारलं. तिने पिशवी खाली ठेवली.

“दर दोन तासाला जाग येती वन्सं. उटून बसती, आन् कुनाची कूस बदलायची ते कळंना.”

तिला पुढच्या गाडीने माघारी धाडायला हवं होतं. दोन वर्षांचा पहारा मेंदू दोन रात्रींत सोडत नाही, आठ दिवसांतही नाही, तिला महिना दोन महिने लागले असते. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. पण तिला दारात बघून मला आनंद झाला. लाज नंतर वाटली, आधी आनंदच झाला.

वहिनीने पदर खोचला आणि आत गेली. माझी रजा अजून पाच दिवस शिल्लक होती. मी सहाची गाडी धरली.