पिंजऱ्याबाहेरचा रॉटवायलर
फिनेलचा वास आला की पनवेलजवळचं ते केनेल आठवतं. खांदेश्वरच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात भरदुपारी चोरी झाली, म्हणून आम्ही राखणीला कुत्रा बघायला गेलो होतो. मालकाने रॉटवायलर पिंजऱ्याबाहेर काढला, तसा तो हिसडा देऊन सुटला आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलीसमोर उभा राहून गुरगुरू लागला. "ताई, अजिबात हलू नका," मालक हळूच म्हणाला. त्याने साखळी पकडली तेव्हा कुठे मी मुलीला उचललं. "हाच घेऊ, चोर फिरकणार नाही," नवरा म्हणाला. "तू ऑफिसला गेलास की ह्याला आवरणार कोण?" मी रडतच विचारलं. शेवटी आम्ही लॅब्रेडॉर आणला. तो कुणावरच भुंकत नाही. दाराची कडी मात्र मी आजही दोनदा तपासते.