फिरवलेली ताटं

तारकर्लीच्या रस्त्यालगतच्या एका खाणावळीत मी आठवड्यातून दोनदा तरी जेवतो. चालवणारी वैनी फिलिपाईन्सची. नवरा इथलाच, बोटीवर असतो. टेबल एकच, लांबलचक. मधोमध भाताचं पातेलं आणि व्हिनेगरात शिजवलेलं चिकन, ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. माशाच्या आंबट सारात ती आता आमचीच कोकमाची सोलं घालते. बोलते ती सासूकडून उचललेली मालवणी, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून, दुकानात वजनं मांडावीत तशी.

तिचा नियम एकच. जेवण अर्धवट टाकून कोणी उठला, की बाकीच्यांनी आपापलं ताट जागच्या जागी गोल फिरवायचं.

"फिरवा रे. गेलो तो नीट पोचूक होयो," ती म्हणते, आणि हसत नाही. कोणी विसरलाच, तर स्वतः येऊन फिरवते. सुरुवातीला आम्ही तिची थट्टा करायचो. आता एखादा रिक्षावाला भाडं आलं म्हणून उठला, तरी आमचे हात आपोआप ताटाकडे जातात.

परवा दुपारी आम्ही चौघे जेवत होतो. ती गाऊनला हात पुसत बाहेर आली आणि एकेक ताट फिरवू लागली.

"गो वैनी, कोणच उठूक नाय मगे," मी हसत म्हटलं.

तिने माझ्या पानात माशाची आणखी एक तुकडी वाढली.

"तू सावकाश जेव," म्हणाली आणि आत गेली.

तिघांची ताटं फिरली होती. माझ्या ताटाला तिने हात लावला नव्हता.