सोळा तारीख कोणाची?

ब्रुखरोड्यात लक्षात ठेवण्याजोगी दोन माणसं सोळा ऑक्टोबरला जन्मली. एक योहान एलियास मेर्गनर, संगीतकार, सोळाशे चौऱ्याहत्तर साली. दुसरी रोस्विटा वीगलेब, आमच्या पोस्टातली, एकोणीसशे एकोणपन्नास साली. पहिल्याचा चर्चमध्ये दगडी मुखवटा आहे, त्याच्या नावाची शाळा आहे, गल्ली आहे, मध्यंतरी त्याच्या नावाची बीअरही निघाली होती, पण ती कोणाच्या घशाखाली उतरली नाही. दुसरीच्या वाट्याला त्या दिवसाचं उरलंसुरलं यायचं.

बाहेर मेर्गनरला कुत्रंही ओळखत नाही. जर्मनीतल्या आमच्या थुरिंगियात संगीतासाठी येणारे लोक बाखच्या गावांना जातात. त्यांच्या बसगाड्या आमच्याकडे थांबतात त्या फक्त शौचालयासाठी. त्यामुळे म्हाताऱ्याचं कौतुक आमचं आम्हालाच करावं लागतं, आणि ते आम्ही हात आखडता न घेता करतो. दर सोळा ऑक्टोबरला घंटा वाजतात, संध्याकाळी चर्चचा गायनवृंद त्याची स्तोत्रं गातो, मग मागच्या खोलीत कॉफी आणि प्लमचा केक. केक संपत आला की कोणीतरी कपाळावर हात मारतं, "अगं बाई, आज आपल्या रोस्विटाचाही!" मग सगळे ओळीनं तिचा हात हातात घेतात. तोवर केकचा चुरा उरलेला असतो, तो ती बोटानं गोळा करून खाते.

तिला याचं वाईट वाटायचं असं कोणी समजू नये. तिचे वडील चर्चची घंटा ओढायचे, आणि लहानपणी त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की या घंटा तुझ्याच वाढदिवसाच्या. शाळेत गेल्यावर एका आगाऊ पोरीनं खरं काय ते सांगितलं. रोस्विटा एक दुपारभर रडली आणि संध्याकाळी तिनं ठरवून टाकलं की घंटा मोठी आहे, दोघांना पुरते. स्वभावच तसा. तेव्हापासून ती आणि म्हातारा अशी भागीदारी सुरू झाली, ती तिनं मनापासून निभावली.

सोळाव्या वर्षी ती वृंदात आली आणि आल्टोच्या बाकावर बसली. वरचे सूर घेणाऱ्या बाया टाळ्या घेऊन जातात. आल्टो म्हणजे खालून धरून ठेवणाऱ्या. धरून ठेवणं तिला जमायचं.

म्हाताऱ्याचा तीनशेवा वाढदिवस आला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. जिल्ह्यावरून एक पुढारी आला होता. मेर्गनरनं एकदा दरबाराकडे सरपणासाठी अर्ज केला होता, एवढ्यावरून त्यानं म्हाताऱ्याला कष्टकऱ्यांचा कैवारी करून टाकलं. भाषण आटपलं, गाणं सुरू झालं, आणि ऐन रंगात वीज गेली. ऑर्गन म्हशीसारखा हंबरला आणि गप्प झाला. तेवढ्यात वर माडीवर लाकूड करकरायला लागलं, आणि ऑर्गनमध्ये पुन्हा जीव आला. काचेच्या कारखान्यातला लोटार नावाचा एक मेकॅनिक उठून वर गेला होता आणि हवा भरायचा जुना भाता पायानं दाबत होता. शेवटपर्यंत दाबला त्यानं. खाली आला तो घामानं निथळत, आणि सरळ रोस्विटापुढे उभा राहिला.

"एवढा मोठा वाढदिवस आता परत कधी?"

"साडेतीनशेवा येईल की. तोवर मी पंचाहत्तर वर्षांची थेरडी झालेली असेन."

"मग तेव्हाही हवा मीच भरीन," लोटार म्हणाला.

पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

आता या सुखी गावातलं एक जुनं भांडण सांगायला हवं. बाजारचौकातलं मेर्गनरचं जन्मघर आज बेकरी आहे. ती ओर्टविन केझेबीअरची. रोस्विटाच्याच वर्गातला, तेव्हाही खोडकर आणि आताही. त्या घराच्या भिंतीवर जुनी पाटी आहे, आणि तिच्यावर जन्मतारीख आहे सहा ऑक्टोबर. म्हातारा जन्मला तेव्हा आमच्या इकडे अजून जुनं कॅलेंडर होतं, पोपचं नवं कॅलेंडर घ्यायला आमचे प्रोटेस्टंट लोक तयार नव्हते. दोन्हींत दहा दिवसांचा फरक. चर्चनं पुढे हिशेब करून सोळा धरली. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारलाही तीच सोयीची वाटली, कारण सात ऑक्टोबरला सरकारचा स्वतःचाच वाढदिवस असायचा. ते सरकार रोस्विटापेक्षा नऊ दिवसांनी मोठं होतं. ते गेलं, ती राहिली, हे ती हसत सांगते.

पण ओर्टविन पाटीला चिकटून. दर सहा ऑक्टोबरला बेकरीच्या काचेत एक मेणबत्ती लावलेला केक ठेवायचा आणि खाली कागद, 'आज खरा'. रोस्विटा टपाल वाटत जाताना दारातून ओरडायची, "काय रे, दहा दिवस आधीच जागा झालास का?"

"तूच उशिरा जागी झालीस. त्याच्या आईला विचार, ती काय सोळा म्हणाली असती?"

"हो, आणि मग मी काय एकटी पडू?"

चाळीस वर्षं हाच संवाद. गावातली पोरंही तो पाठ म्हणून दाखवायची.

साडेतीनशेव्या वर्षी रेडिओवाले ध्वनिमुद्रणाला येणार अशी बातमी आली आणि गावाला आकाश ठेंगणं झालं. मग माशी शिंकली. सोळा ऑक्टोबर बुधवारी येत होती, आणि रेडिओची गाडी मिळत होती ती त्याच्या आधीच्या शनिवारी. वृंदाच्या संचालिका लोझेबाई, तरुण आणि हुशार, त्यांनी तालमीत आनंदानं जाहीर केलं, "तर मंडळी, आपण बारा तारखेलाच साजरा करू."

आल्टोच्या बाकावरून रोस्विटा म्हणाली, "मी येणार नाही."

"तब्येत बरी नाही का, वीगलेबबाई?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? आधी साजरा करायचा नसतो."

आमच्याकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत. आदल्या दिवशी नाही, तासभर आधीही नाही. चुकून कोणाच्या तोंडून निघाल्या तर समोरचा कानांवर हात ठेवतो. पण हे सगळं जिवंत माणसांसाठी, असं वृंदाचं म्हणणं पडलं.

"अगं, तो मेलाय," शेजारची गुड्रुन म्हणाली. "आता आणखी काय वाईट व्हायचंय त्याचं?"

मागच्या पुरुषांतला एक टेनर म्हणाला, "फार तर पुन्हा मरेल!"

सगळे खो-खो हसले. रोस्विटा हसली नाही. तिनं वही मिटली, कोट घातला आणि निघून गेली. तेव्हा गुड्रुनला आठवलं, आणि तिनं जीभ चावली.

लोटारच्या साठीला त्याची बहीण कासेलहून आली होती. तिला परत जायची घाई, म्हणून वाढदिवस आधीच्या शनिवारी उरकला. सॉसेज भाजले, बीअर झाली, बहिणीनं सगळ्यांदेखत ग्लास उंचावून शुभेच्छा दिल्या. रोस्विटानं पुढे होऊन तिला थांबवायला हवं होतं, पण पाहुणीचा अपमान नको म्हणून ती गप्प राहिली. सोमवारी लोटार कारखान्यातून आला, पायातले बूट काढायला बसला आणि तसाच गेला. वाढदिवस दोन दिवसांवर होता. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि रोस्विटाला ते पटलंही होतं. तरी त्यानंतर तिनं कानाला खडा लावला होता.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून राहिली. पन्नास वर्षं वाट पाहिलेला वाढदिवस. लोटार नव्हता, पण ती होती, आवाजही अजून होता, आणि तिनं गायचं ठरवलेलं होतं. नुसती तारीख आडवी आली होती. हट्ट सोडावा तर लोटारची साठी आठवायची, धरावा तर जन्मभराची हौस जायची. तिला स्वतःचाच राग आला.

आठवड्यानं, सहा ऑक्टोबर उलटून गेल्यावर, दारावर थाप पडली. ओर्टविन. हातात प्लमचा केक, नाकाला पीठ.

"काचेतला आहे का हा?" रोस्विटानं विचारलं.

"काल काचेत होता. शिळा आहे, म्हणून तुला आणला."

"ये आत, मेल्या."

तो बसला. कॉफी झाली. दोघांनी केक खाल्ला, शिळा नव्हताच तो. मग ओर्टविन खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "माझ्या भिंतीवर सहा आहे. आणि सहा होऊन गेली."

"बरं मग?"

"मग शनिवारी म्हाताऱ्याचा वाढदिवस होऊन गेलेला असेल. आधी शुभेच्छा देऊ नयेत, मान्य. उशिरा द्यायला कोणाची ना आहे? मी माझ्या सासूला महिन्यानं दिल्या होत्या, ती अजून ठणठणीत आहे."

रोस्विटानं कप खाली ठेवला. "म्हणजे चाळीस वर्षं तू बरोबर होतास, असं मी म्हणू?"

"म्हणू नकोस. घशात अडकेल. नुसती शनिवारी ये."

ती हसली. मग हळूहळू तिचं हसू मावळलं. तिनं बशीतला चुरा बोटानं गोळा केला, पण खाल्ला नाही.

"सहा म्हाताऱ्याची म्हटली ना ओर्टविन, तर मग सोळाला काय उरलं? सोळा कोणाची?"

ओर्टविननं टोपी डोक्यावर घातली. त्याला असले प्रश्न झेपत नाहीत. दारात जाऊन तो म्हणाला, "तुझी. आणखी कोणाची असणार?"

तो गेल्यावर तिनं बशा विसळल्या. पंचाहत्तर वर्षं एका दिवसात दोघांनी काढली होती, आणि आता भागीदारानं आपलं बिऱ्हाड हलवलं होतं. तिला भीतीच वाटली थोडी. घंटा नाहीत, स्तोत्रं नाहीत, तर त्या दिवशी करायचं काय?

शनिवारी दुपारी ती काळा झगा घालून, वही काखोटीला मारून निघाली ती बाजारचौकातून. बेकरीसमोर थांबली. बाहेर गिऱ्हाइकांची रांग होती. पाटीकडे मान वर करून तिनं चांगल्या खणखणीत आल्टोत सांगितलं, "म्हाताऱ्या, सहा तारखेला विसरले. उशिरा का होईना, शुभेच्छा!"

रांगेतल्या सगळ्यांनी पाटीकडे माना वळवल्या. काउंटरमागे ओर्टविननं पाव मोजता मोजता मान खाली घातली आणि नाकाचं पीठ पुसलं. चाळीस वर्षांत तो प्रथमच उलटून काही बोलला नाही.

चर्चमध्ये वेगळाच घोळ चालू होता. रेडिओच्या माणसाला ऑर्गनच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती, ती बंद करा म्हणाला. मग दोन धिप्पाड गायकांना वृंदातून काढून माडीवर जुन्या भात्यापाशी पाठवलं. लोझेबाईंनी हात उचलला, आणि वर लाकूड करकरलं, अगदी तसंच. रोस्विटाला लोटारची फार आठवण आली. पण ती आठवण सुखाची होती. तिनं श्वास घेतला आणि आपल्या जागी बरोबर सूर धरला, आणि शेवटपर्यंत धरून ठेवला.

त्या संध्याकाळी कॉफीच्या वेळी कोणी कपाळावर हात मारला नाही. तिच्या वाढदिवसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एका नव्या पोरीनं तोंड उघडलं होतं, "आणि बुधवारी तुमचा—" तर गुड्रुननं तिच्या तोंडात केकच कोंबला.

बुधवारी सकाळी रोस्विटा चहाचं आधण ठेवून उभी होती. बाहेर धुकं होतं. आठ वाजता नेहमी घंटा सुरू व्हायच्या. आज आठ वाजले, चर्चच्या घड्याळानं आठ ठोके दिले आणि ते गप्प झालं. एवढंच. तिनं कप घेतला, दूध ओतलं, आणि तेवढ्यात बाहेर फरशीवर पुष्कळ बुटांचा आवाज झाला, कोणीतरी खोकलं, कोणीतरी "शू!" म्हणालं.

गोल वाढदिवसाला, म्हणजे साठी, सत्तरी, पंचाहत्तरीला, आमचा वृंद सभासदाच्या दाराशी जाऊन गातो. सगळ्यांच्या दाराशी गेलाय. रोस्विटाही कोणाकोणाच्या दाराशी उभी राहून गायली असेल, त्याची गणती नाही. तिच्या दाराशी मात्र कधी कोणी आलं नव्हतं, कारण त्या दिवशी वृंदाला चर्चमध्ये काम असायचं.

तिनं दार उघडलं. सगळे होते, कामाला जायच्या कपड्यांत. ओर्टविन पांढरा अॅप्रन घालून मागे उभा. तो वृंदात नव्हता, त्याला गाता येत नाही. हातात मेणबत्ती लावलेला केक, आणि खाली टाचलेला कागद, 'आज खरा'.

लोझेबाईंनी सूर दिला आणि मेर्गनरचं स्तोत्र सुरू झालं. आल्टोची ओळ आली तशी रोस्विटाचं तोंड सवयीनं उघडलं.

"वीगलेबबाई," लोझेबाई हात न थांबवता म्हणाल्या, "आज तुम्ही गप्प राहायचं."

ती गप्प राहिली. पन्नासहून अधिक वर्षं ती या सुरांच्या आत उभी होती. बाहेर उभं राहून ते कसे ऐकू येतात हे तिला ठाऊकच नव्हतं. इतके मोठे, इतके सुंदर, आणि सगळे तिच्याकडे तोंड करून. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिनं पुसलं नाही, दोन्ही हातांत चहाचा कप होता.

गाणं संपलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आल्टोचा सूर उतरत होता," रोस्विटा म्हणाली.

"उतरणारच," गुड्रुन म्हणाली, "एक बाई कमी होती."

आणि मग सगळ्यांनी पुढे होऊन, ओळीनं, तिचा हात हातात घेतला. केक अजून कापायचाच होता.